आटपाडीचं घोंगडं, इंग्लंडच्या कॅनॉलवर अडीच महिने

सांगलीत परत आल्यापासून भाजीवालीपासून भिशीतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "घोंगडं घेऊन इंग्लंडला गेला होतात म्हणे? मग, उपयोग झाला का?" प्रत्येकीला तोंडी सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून काढते.

घेतलं ते असं. सहा हात लांब, तीन हात रुंद, म्हणजे नऊ फूट बाय साडेचार फूट. रंग मेंढरांचाच, काळा आणि मधे करड्या पट्ट्या. वजन ३ किलो ४०० ग्रॅम. किंमत ३२०० रुपये, घासाघीस न करता. वापरलं ते नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत, धाकट्या मुलाच्या नॅरोबोटीवर, म्हणजे कॅनॉलवरच्या लांब, अरुंद, राहायच्या बोटीवर. त्यातले कोरडे दिवस मी दोन हातांच्या बोटांवर मोजून दाखवीन.

मी गावभागात राहते. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, अजून थोडं करते. कापड हातात आलं की बोटं आपोआप ते चुरगाळून बघतात. तेव्हा हे शिवणाऱ्या बाईचं मत आहे, प्रवासाला चटावलेल्या बाईचं नाही. बोटीत राहायला जाण्याची हौस तर मला मुळीच नव्हती.

धाकटा तिकडं नॉर्थॅम्प्टनच्या बाजूला नोकरीला आहे. घरभाड्यात अर्धा पगार जातोय म्हणून त्यानं आणि सुनेनं दोन वर्षांपूर्वी एक जुनी नॅरोबोट विकत घेतली. ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद. मला वाटलं, रुंदीचा आकडा टाईप करताना चुकलाय. आमच्या माडीवरचा बोळ याहून ऐसपैस आहे. पण तिकडच्या कितीतरी जुन्या कॅनॉलांवरची लॉकं, म्हणजे बोट खालच्या-वरच्या पाण्यात चढवायच्या-उतरवायच्या फाटकांच्या टाक्या, सात फुटी आहेत, त्यामुळे बोट त्याच मापाची. शिवणकामात म्हणतात तसं, बेतलेलं कापड तेवढंच, त्यात बसवायचं. शेगडी, ओटा, न्हाणी, पलंग, सगळं एकामागं एक, रेल्वेच्या डब्यासारखं. पलंगावरून उठून ओट्यापाशी जायचं तर अंग तिरकं करून जायचं.

आमच्या घरात पाण्याचा विषय निघाला की सगळे गप्प होतात, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या खालच्या खोलीत पाणी आलं आणि आठवडाभर मुक्कामाला राहिलं. शिलाई मशीन, कापडाचे तागे, गिऱ्हाइकांची शिवून ठेवलेली ब्लाऊजं, सगळं गेलं. सासूबाईंचं एक जुनं घोंगडं ट्रंकेत तळाला होतं, ते मात्र टिकलं. टिकलं म्हणजे काय, दोघांनी धरून बाहेर ओढलं तेव्हा मेलेल्या जनावरासारखं जड झालं होतं. वाळायला महिना लागला. "भिजत घोंगडं" हा वाक्प्रचार ज्यानं केला त्यानं घरात घोंगडं भिजवून बघितलं असणार. पण वाळल्यावर एक धागा तुटलेला नव्हता. पाणी घरात येऊ नये म्हणून आम्ही माडी बांधली, आणि ह्या पठ्ठ्यानं घरच पाण्यावर नेऊन ठेवलं.

त्यामुळे धाकटा म्हणाला, "आई, हिवाळ्यात ये, पण ओल फार असते, जाड काहीतरी आण," तेव्हा मला आधी घोंगडं आठवलं.

पहिलं घोंगडं मी गावातच घेतलं आणि फसले. दुकानाचं नाव घेत नाही. चकचकीत पिशवीत घडी घातलेलं, वर "शुद्ध लोकर" अशी चिठ्ठी. हात लावून बघायला पिशवी उघडून देईनात, आणि मी चाळीस वर्षांची शिंपीण असून तशीच पैसे देऊन आले. घरी आल्यावर काठाचा एक धागा ओढून काडी लावली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरली की पीठ होते. इथं वास प्लॅस्टिकचा, आणि टोकाला काळा टणक मणी. मिसळ होती, निम्मं ॲक्रिलिक. परत न्यायला गेले तर "बदलून देतो, पैसे परत नाहीत". बदलून काय घ्यायचं, दुसरी चिठ्ठी?

मग आमच्या ह्यांच्या ओळखीनं आटपाडीकडं एका सनगराच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याच्या घरी गेलो. म्हातारे आहेत, सगळे मामा म्हणतात. घराच्या पडवीत खड्ड्याचा माग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, म्हणजे माग जमिनीलगत येतो. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, तिचा आंबूस वास सगळ्या पडवीभर. मी काही विचारायच्या आतच मामांनी एक धागा तोडून माझ्यासमोर काडी लावली आणि राख माझ्या तळहातावर चुरली. "आक्का, वास घ्या." घेतला. दहावीला स्टोव्हवर माझी बट जळाली होती, तोच वास.

दख्खनी मेंढराची लोकर राठ असते. अंगाला टोचते. मऊ हवं तर जावळाचं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीचं घोंगडं घ्यायचं, पण तेवढी लोकर आता मिळत नाही म्हणाले, आणि मिळाली तर दाम दुप्पट. साधीसुद्धा लोकर धनगर कातरून टाकून देतात, कातरणाऱ्याची मजुरी निघत नाही, असंही सांगितलं. मी बोटीचं सांगितलं. पाण्यावर घर, कोळशाची शेगडी, दर दोन आठवड्यांनी मुक्काम हलवायचा. मामा माग थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, "मग ती पण आमच्या मेंढक्यासारखीच की. दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा हलवायचा, पाऊस अंगावर घ्यायचा. न्या, त्याच्याचसाठी असतंय हे."

ते बोलणं मला तेव्हा गमतीचं वाटलं. पण तिकडचा नियम खरंच तसा आहे. कायमची जागा भाड्यानं घेतली नसेल तर एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, पुढं सरकत राहावं लागतं. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कॅनॉल ज्या संस्थेकडं आहेत ती कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट. तिची माणसं काठावरून फिरून बोटींचे नंबर टिपून नेतात. हिवाळ्यात आणखी एक भानगड. नोव्हेंबर ते मार्च लॉकांच्या दुरुस्त्या काढतात, मग वाट बंद. धाकट्याच्या भिंतीवर बंद लॉकांची यादी चिकटवलेली, आमच्याकडं पाणी सुटायचं वेळापत्रक चिकटवतात तशी.

सामान भरताना घोंगड्यानं पहिला वाद घातला. २३ किलोच्या बॅगेत साडेतीन किलो तेच. तासगावचे बेदाणे, भडंग, शेंगाचटणी, हळद, यातलं काहीतरी काढावं लागणार होतं. तूप नेता येत नाही, ते आधीच बाद. हे म्हणाले घोंगडं काढ. मी भडंग काढलं. लेकानं विमानतळावर पहिलं काय विचारलं असेल? "आई, भडंग?"

आता वापर.

बोट ब्राउन्स्टनला बांधलेली होती. पहिल्या सकाळी मला वाटलं रात्री छत गळलं. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं, फ्रेमच्या तळाच्या खाचेत बोटभर साचलेलं, पलंगाच्या बाजूच्या लाकडी भिंतीला हात लावला तर गारगार आणि दमट. छत ठणठणीत होतं. बोट सगळी पोलादाची. आत माणसं श्वास घेतात, भात शिजतो, चहा उकळतो, ती वाफ गार पोलादाला आणि काचेला लागून पाणी होते. सून रोज सकाळी एक जुना टॉवेल घेऊन सगळ्या खिडक्या पुसते आणि बादलीत पिळते. मी माझ्या सुती लुगड्याचा बोळा काढला, टॉवेलपेक्षा चांगलं पाणी पितो. पहिल्या दिवशी पिळून मापानं बघितलं तर पाऊण भांडं भरलं. अठरा-एकोणीस खिडक्यांचा बंगला नव्हे, सहा खिडक्यांची बोट!

गादी उचलली तर खालच्या प्लायवूडवर आमच्या अंगाच्या आकाराची ओल. अंगाची वाफ गादीतून खाली जाते आणि गार फळीवर तिचं पाणी होतं. गादीच्या खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके धरले होते. इथं मी घोंगडं पहिल्यांदा वापरलं, पांघरायला नव्हे तर गादी आणि फळीच्या मधे. आठ दिवसांनी काढून बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला लावलं. ३ किलो ९००. अर्धा किलो पाणी प्यायलं होतं, आणि हात फिरवला तर कोरडं लागत होतं. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, हे वाचलेलं होतं. तोलून बघितलं नव्हतं. फळी कोरडी निघाली. पण रोज सकाळी गादी कडेवर उभी करून घोंगडं झटकायचं काम चुकत नाही. "घाला आणि विसरा" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रात्री पांघरायला मात्र टोचतं. दोन रात्री मी मानेला खाजवत बसले. तिसऱ्या दिवशी सुनेच्या जुन्या सुती चादरीची पट्टी फाडून तोंडाकडच्या काठाला दुहेरी शिवून टाकली, हातशिलाईनं. मशीन बोटीवर नव्हती, असती तरी चालली नसती. डिसेंबरात तिथलं सोलर म्हणजे छतावर ठेवलेली काच. चारच्या सुमारास अंधारायला लागतं. बॅटऱ्या भरायला इंजिन तास-दोन तास चालवावं लागतं, तेही रात्री आठनंतर नाही, शेजारच्या बोटींना त्रास नको. मी एकदा चटणीसाठी मिक्सर लावला तर इन्व्हर्टरनं शिट्टी मारून सगळे दिवे घालवले. त्या दिवसापासून दगडी खलबत्ता.

पट्टी शिवल्यावर झोप लागली. बोटीच्या पुढच्या भागात शेगडीपाशी २२ अंश असले तरी मागं पलंगापाशी पहाटे ११ असायचे. ५७ फुटांत महाबळेश्वर ते मिरज. रजई आणि वर घोंगडं असं घेतलं की पाय गार पडत नव्हते. सुनेची पिसांची रजई महिन्याभरात गोळे धरून दमट झाली, तिला कुबट वास सुटला. घोंगड्याला वास होता, पण पहिल्यापासून होता आणि मेंढराचा होता.

इथं माझी एक चूक सांगते, कारण आपल्याकडच्या कुठल्याही आईनं तीच केली असती. पलंगाच्या वर छताला गोल झरोका होता, त्यातून गार वारा थेट कपाळावर. मी जुन्या मोज्याचा बोळा करून तो बंद केला. दाराच्या खालची जाळी घोंगड्याच्या टोकानं झाकली. सकाळी धाकट्यानं बघितलं आणि मला जन्मात पहिल्यांदा ओरडला. शेगडीत कोळसा रात्रभर धुमसत असतो, स्वयंपाकाला गॅस. हवा यायची वाट बंद झाली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातं. भिंतीवरचं पांढरं डबडं मी स्मोक अलार्म समजत होते. ते त्यासाठीच होतं, आणि बोटीवर ते लावणं सक्तीचं आहे. मोजा निघाला. कपाळावर मी घोंगड्याचा पदर ओढून घेऊ लागले.

आता प्रवास, म्हणजे घोंगड्याची खरी परीक्षा. नॅरोबोट चालवणारा मागच्या टोकाला उघड्यावर उभा राहतो. डोक्यावर काही नाही. हातात सुकाणूचा दांडा, तो उजवीकडं ढकलला की बोटीचं नाक डावीकडं वळतं. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, बांधलेल्या बोटींजवळून त्याच्याही निम्म्यानं. म्हणजे आपण हरिपूरच्या रस्त्यानं संध्याकाळी फिरायला जातो त्या चालीनं, चार-चार तास, पावसात. आणि तो पाऊस आपल्यासारखा धो-धो कोसळून मोकळा होणारा नव्हे. बारीक, तिरपा, गार, दिवसभर कुणीतरी तोंडावर ओला हात फिरवतंय असा.

धाकट्याकडं चांगला महागाचा रेनकोट होता. मला त्यांनी एक दिला, तो आतून घामानं भिजायचा. मग एके दिवशी मी घोंगड्याची खोळ केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घोंगडं लांबीत मधोमध दुमडायचं, एका बाजूचं टोक आत खोचून टोपडं करायचं आणि डोक्यावरून सोडायचं. आजोळी खटाव तालुक्यात पावसात गडी अशीच खोळ घेऊन शेतात जायचे. इतक्या वर्षांनी हात आपोआप वळले. पाण्याचे थेंब वरच्या लवेवर मण्यासारखे बसतात, अंग हलवलं की उडून जातात. तासभर आत काही लागलं नाही. लोकर ओल पिताना थोडी ऊबही सोडते, ती खांद्यांना कळते.

ब्राउन्स्टनहून सहा लॉक चढून, बोगद्यातून, मग बकबीची सात लॉक उतरून आम्ही व्हिल्टनला आलो. त्या सगळ्या लॉकांवर घोंगडं मी बोटीतच ठेवलं, हेही लक्षात ठेवा. लॉकच्या झडपा उघडायला एक वाकडी लोखंडी किल्ली असते, विंडलास म्हणतात, तिनं दातेरी चक्र फिरवायचं. लोंबतं कापड त्या चक्रात गेलं तर माणूस ओढला जाईल. धाकट्यानं निक्षून सांगितलं होतं. त्या कॅनॉलवरची लॉक रुंद आहेत, चौदा फुटी, फाटक उघडायचं तर दांड्याला पाठ लावून पाय मागं रोवायचे. चिखलात गमबूट रुतायचे. सातव्या लॉकला मला कळलं की कंबर नावाचा अवयव वेगळाच आहे.

व्हिल्टनपासून पुढं बारा-पंधरा मैल एकही लॉक नाही. वीडनजवळ एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला हमरस्ता, आणि मधून आपण चालीच्या वेगानं. एकदा इंजिनाचा आवाज बदलला, बोट सरकेना. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी अडकलं होतं. मागच्या फळीखाली एक झाकण असतं, ते उघडून बर्फासारख्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून सुरीनं कापावं लागतं. धाकटा पालथा पडून वीस मिनिटं कापत होता. निघाली प्लॅस्टिकची पिशवी आणि चिंध्या. हात बाहेर काढला तेव्हा बोटं निळसर, मिटत नव्हती. शेगडीजवळ न्यायचा नाही एकदम, मी त्याचे हात घोंगड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर घेतले. तीस वर्षांचा बाप्या, पण बसला गप्प.

पुढं ब्लिसवर्थचा बोगदा. २.८ किलोमीटर, १८०५ मध्ये सुरू झालेला. इंजिनं यायच्या आधी माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून चालत चालत बोटी पुढं न्यायची. आत काळोख, बोटीच्या नाकावरचा एक दिवा, आणि हवेसाठी वरून खोदलेल्या विहिरींसारख्या पोकळ्या. त्यांच्याखालून जाताना वरून पाणी पडतं. पाऊस झाला असेल तर धबधबाच. धाकटा म्हणाला, "आई, आत जा." मी खोळ घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. पहिल्या पोकळीखाली गार पाण्याचा झोत डोक्यावर बसला, ठप्प! घोंगड्यानं तो घेतला. माझा चेहरा भिजला, मान नाही. धाकट्याच्या रेनकोटात कॉलरमधून पाणी पाठीवर उतरलं आणि त्यानं जी शिवी दिली ती सांगलीची होती. बोगद्यात घुमली बराच वेळ.

बाहेर स्टोक ब्रुअर्नला बोट बांधली. शेजारच्या बोटीवरची एक म्हातारी बाई काठावर येऊन घोंगड्याकडं बघत राहिली. तीस वर्षं बोटीत राहते म्हणे. तिनं विचारायच्या आधी बोटांत चिमटीनं धरून चुरगाळलं, अगदी माझ्यासारखं. "मेंढी," म्हणाली. मी मान डोलावली. तिच्याकडच्या भाषेतलं मला फार बोलता येत नाही, पण पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी धाग्यावरच बोलत होतो. जाताना तिनं १९६२-६३ च्या हिवाळ्याचं सांगितलं, कॅनॉल महिनोन्महिने गोठले होते, मालवाहू बोटी बर्फात अडकल्या आणि तो धंदा पुन्हा उभाच राहिला नाही. तेव्हा ती लहान होती.

आता दोष. त्या संध्याकाळी घोंगडं पुन्हा काट्याला लावलं. ५ किलो १००. आणि ते वाळेना. ऊन-वाऱ्याची सोय तिथं नाही. मामांनी सांगितलं होतं, धुवायचं नाही, कडक उन्हात टाकायचं, काठीनं झोडपायचं. कडक ऊन! शेगडीसमोर दोरी बांधून घोंगडं टांगलं तर पुढच्या खोलीचे दोन भाग झाले, पलीकडं सून लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, अलीकडं मी. सगळ्या बोटीला ओल्या मेंढराचा वास. तीन दिवस. आणि त्यातून निघणारी वाफ पुन्हा खिडक्यांवर पाणी होऊन बसायची, मग लुगड्याचा बोळा पुन्हा हातात. धाकट्याचं फ्लीसचं, म्हणजे मऊ कृत्रिम धाग्याचं जाकीट दोन तासांत वाळायचं. या एका बाबतीत फ्लीस जिंकलं, मान्य. सून काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी, "आई, हे बाहेर छपराखाली टांगलं तर चालेल का हो?" असं विचारलं. भाचीच्या लग्नातसुद्धा ती इतक्या अदबीनं बोलली नव्हती.

दुसरा दोष केस गळण्याचा. पहिले तीन आठवडे काळे केस भातात, चहात, सुनेच्या पांढऱ्या स्वेटरवर. नंतर कमी झाले. तिसरा, वजन, म्हातारपणी ओलं घोंगडं एकटीनं उचलायला जाऊ नका.

आणि एक प्रसंग, ज्यासाठी मी सगळे दोष माफ करीन. २५ किलोचं बिनधुराच्या कोळशाचं पोतं अडीच-तीन दिवस पुरायचं. कोळसा, डिझेल, गॅस विकणारी बोट कॅनॉलवरूनच येते, हात केला की थांबते. एका रात्री शेगडी भरताना दार उघडलं आणि एक लाल निखारा थेट समोर घडी घातलेल्या घोंगड्यावर पडला. मी चिमटा शोधेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले असतील. केस जळाल्याचा तोच वास, मामांच्या पडवीतला. निखारा काढला तर रुपयाएवढा तपकिरी डाग, बोटानं चुरला तर राखेचं पीठ, आणि खाली धागा शाबूत. जाळ झालाच नाही. धाकट्याच्या फ्लीसच्या बाहीला अशाच ठिणगीनं आधी भोक पडलेलं मी बघितलं होतं, कडेला टणक मणी धरलेला. त्या गावातल्या दुकानातलं मिसळीचं घोंगडं मी इथं आणलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी पुढं नेला नाही.

भोगीला शेगडीच्या सपाट माथ्यावर बाजरीच्या भाकरी केल्या. पीठ लंडनच्या बाजूच्या दुकानातून मागवलेलं, जुनं होतं, भाकरी कडेला चिरत होती. पण लोखंडावर थेट भाजलेली भाकरी गॅसवरच्या तव्यापेक्षा चांगली फुगली. गाजर, वांगं, हरभऱ्याऐवजी मटार, तीळ घालून भोगीची भाजी. बाहेर पाऊस, कॅनॉलच्या पाण्यावर टिपके, एक हंस खिडकीशी येऊन चोच आपटत होता. घोंगडं खाली अंथरून आम्ही तिघं त्यावर बसून जेवलो, कारण त्या बोटीत तीन माणसांना खुर्चीवर बसून जेवायला जागा नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. वाळायला वेळ लागतो म्हणून एक कापला. टोचण्याचा कापला नाही, तो काठाला पट्टी शिवून मिटतो, आणि तेवढं शिवता येत नसेल तर माझ्याकडं आणा.

एक घोंगडं पुरत नाही, ही माझी मुख्य सूचना. गादीखाली एक, पांघरायला-खोळीला दुसरं. गादीखालचं काढून खोळ करायची आणि ओलं झालं की रात्री गादी उघडी पडायची, असं माझं झालं. येताना घोंगडं मी बोटीवरच ठेवून आले. मागच्या आठवड्यात धाकट्याचा फोन होता, बोट पुन्हा हलवली, घोंगडं गादीखाली आहे, फळी कोरडी आहे, आणि आता बोगद्यातून जाताना डोक्यावर काय घ्यायचं ते विचारत होता.

मामांकडं दुसरं सांगून ठेवलंय, या वेळी सात हाती. तुम्हाला घ्यायचं असेल तर आषाढ-श्रावणात आटपाडीला जाऊ नका. पावसाळी हवेत ताण्याची खळ वाळत नाही, खड्ड्यात ओल येते, माग बंद असतो. दसऱ्यानंतर जा, काडेपेटी बरोबर न्या, आणि आधी फोन करून जा, दुपारी मामा झोपलेले असतात.